चवथीला फुगडी न घातलेली मुलगी

डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय: ‘मुलगी तेरा वर्षांची. वर्षभरात अंगाने भरली. चवथीला माझी नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, “केवढी जाडी झालीस गे!” त्यानंतर ती फुगडीला उभी राहिली नाही, नेवरीला हात लावला नाही. आता रात्रीचं जेवणच सोडलंय. हे मोबाईलमुळेच ना? मीही चवथीआधी महिनाभर रात्री जेवत नव्हते, पण मी मोठी आहे.’

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. त्याकडे येते, पण आधी मुलीबद्दल.

तिचं अंग भरतंय ते खादाडपणाने नव्हे. वयात येताना मुलींच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि मांड्यांवर, कमरेखाली चरबी साठते. पाळी नीट चालू राहायला ती लागतेच. मुलग्यांचे खांदे रुंदावतात, स्नायू भरतात, म्हणजे लोक ज्याला रुबाब म्हणतात तिकडेच त्यांचं शरीर जातं. मुलीचं मात्र जाहिरातीतल्या बारीक बाईपासून दूर जातं. आणि चारचौघांची नजर सगळ्यात जास्त टोचते तीही याच वयात.

मोबाईलला तुम्ही दोष देता, तो अगदी खोटा नाही; पडद्यावर दिसणाऱ्या शरीरांचा मुलींवर परिणाम होतो. फिजीच्या नद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथल्या शाळकरी मुलींत वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी तेव्हा एकही आढळली नव्हती; १९९८ मध्ये असं करणाऱ्या शंभरात अकरा निघाल्या. मानसोपचारतज्ज्ञ ॲन बेकर यांचा हा अभ्यास मला अजून अस्वस्थ करतो. पण मोबाईल बाजूला ठेवता येतो, ताई. जेवणाच्या पाटावर बसलेली आई बाजूला ठेवता येत नाही.

तुम्ही महिनाभर रात्री ताट घेतलं नाहीत, ते तिने पाहिलं. आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवत असाल, तर तेही ऐकलं असणार. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाहीये. आपल्या आयाही तशाच वागल्या, आणि आपण मुकाट्याने शिकलो.

आज रात्री तुम्ही तिच्यासोबत जेवायला बसा. शीत, हुमण, रोजचंच. ‘खा गे’ म्हणून मागे लागू नका, ‘बारीक दिसतेस’ अशी शाबासकीही देऊ नका. शाळेतलं, मैत्रिणींचं बोला. डाएट तर मुळीच नको. तिची उंची अजून वाढायची आहे.

पण तिचं वजन उतरू लागलं, पाळी चुकली, चक्कर आली किंवा जेवून ती लगेच न्हाणीघरात जाऊ लागली, तर वाट बघू नका. आधी मुलांच्या डॉक्टरांकडे न्या; गरज पडली तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा आहे; तिच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं, तुम्हालाही.

राहिली नणंद. पुढच्या वेळी ती घरी यायच्या आधीच तिला फोन करा आणि सांगा, ‘तिच्या अंगावरून काही बोलू नकोस.’ त्या वेळी मुलगी शेजारच्या खोलीत असली तर चांगलंच. तिला ते ऐकू दे.