आकडा जिथे जन्मतो

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा आलेख, दोन्ही मिळाले. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून आता शाळा, मुलांचं शिकणं आणि त्यावर होणारा खर्च यांचा अभ्यास करायचा, हा तुझा विचार मला फार आवडला. या वाटेला वळणारे थोडे असतात आणि त्यांची गरज मोठी आहे. पीएच.डी. कोणत्या विभागात करू, असं तू विचारलंयस. त्याचं उत्तर देईनच, पण आधी आलेखाबद्दल बोलू.

हजारो मुलांच्या गणिताच्या गुणांमधून तू एक वक्ररेषा काढलीस, ती सुरेख बसली म्हणून तुला आनंद झाला. मी मात्र दुसरंच शोधत राहिले. हे गुण कुणी दिले, प्रश्न तोंडी विचारला की कागदावर, शाळेत विचारला की घरी? यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. प्रयोगशाळेत तू असं कधी केलं नसतंस. उपकरणाचं लघुत्तम माप (त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) आणि शून्य त्रुटी (काही न मोजताही दिसणारी चूक) वहीत टिपल्याशिवाय पहिलं वाचनही घ्यायचं नाही, ही सवय तुझ्या हाताला आहे. मग मुलांपाशी आल्यावर ती का सुटली?

याच संदर्भात तुला एक जुना वाद सांगते. प्रशांतचंद्र महालनोबिस मूळचे भौतिकशास्त्राचे. केंब्रिजला शिकले, कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तोच विषय शिकवत होते. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली आणि नमुना पाहणीचं शास्त्र या देशात रुजवलं. प्रश्न होता पिकाचा. सगळी शेतं कापून तोलता येत नाहीत, म्हणून यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशा निवडलेल्या शेतांत आखून घेतलेला तुकडा कापायचा, दाणे तोलायचे आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाचं उत्पन्न काढायचं. महालनोबिसांचा कल छोट्या तुकड्यांकडे होता, कारण ते झटपट कापून होतात आणि पुष्कळ घेता येतात. आपल्या सातारा जिल्ह्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी प्रयोग करून दाखवलं की छोटे तुकडे उत्पन्न फुगवून दाखवतात. त्यामागचं कारण तुला लगेच कळेल. आखलेल्या रेषेवर नेमकं एखादं रोप आलं की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. तुकडा गोल धर. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या पटीत वाढतो, क्षेत्रफळ तिच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे तुकडा जितका लहान, तितका काठावरच्या चुकीचा वाटा मोठा. असे लाख तुकडे घेऊन सरासरी काढलीस तरी ही चूक जात नाही, कारण ती एकाच दिशेला झुकलेली असते.

कापणाऱ्याचा तो हात कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. तो बघायला शेतात उभं राहावं लागतं.

शिक्षणाच्या अभ्यासातही असा हात आहे. आधी माझा स्वतःचा अनुभव. अमेरिकेत १९९२ साली बल आणि गती यांवरची एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात गणित करायचं नसतं, साध्या भाषेत प्रश्न असतात. जड ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर आदळली तर कोण कुणावर जास्त बल लावतं, असा एक. मी तो प्रथम वर्षाच्या वर्गाला विचारला. बहुतेकांनी ट्रक म्हणून लिहिलं. खरं तर दोघं एकमेकांवर सारखंच बल लावतात. हीच मुलं न्यूटनचा तिसरा नियम शब्दशः म्हणून दाखवत होती आणि संवेगाची उदाहरणं बिनचूक सोडवत होती. मी अकरा वर्षं तो धडा शिकवत होते. माझ्या परीक्षेतले गुण नक्की काय मोजत होते, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला, आणि तिथून मी शिक्षणाच्या संशोधनात आले. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांचा अनुभव असाच होता. अशी चाचणी त्यांनी वर्गात दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला वाटतं तशी? एकाच डोक्यात दोन भौतिकशास्त्रं नांदतात, हे त्या एका प्रश्नात आहे.

आता याच्या शेजारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास ठेव. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की त्यात होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणारी मुलं वजन, भाव आणि सुटे पैसे यांचा हिशेब तोंडी, झटक्यात करत होती. त्यांनाच शाळेच्या पद्धतीचं साधं गणित कागदावर दिलं की अडत होती. शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलट होतं. आता तुझ्या आलेखातल्या एका बिंदूकडे बघ. ते मूल गणितात कच्चं आहे, की आपण त्याला चुकीच्या जागी, चुकीच्या भाषेत विचारलं? गावोगावच्या मुलांना वाचता येतं का, गणित येतं का, हे तपासणारी 'असर'ची पाहणी २००५ पासून होते, तिच्यात कार्यकर्ते शाळेत न जाता घरोघरी जातात आणि एकेका मुलाला समोर बसवून वाचायला देतात, हातच्याची वजाबाकी घालतात. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. घरी गेलं की शाळेत न जाणारं मूलही सापडतं, आणि तोंडी वाचून घेतलं की अक्षर अडतं की अर्थ, ते कळतं. उद्या ती आकडेवारी वापरलीस, तर हे तुझ्या प्रबंधात पहिल्या प्रकरणातच यायला हवं.

अर्थशास्त्राकडून मात्र एक गोष्ट तुला मुळापासून शिकावी लागेल, ती भौतिकशास्त्राने तुला दिलेली नाही. अमुक केलं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न. सगळे इलेक्ट्रॉन सारखेच, म्हणून आपल्याला तुलना फुकट मिळते. वर्ग मात्र कधीच सारखे नसतात. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मुळातून वाच. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली एक मुलगी, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या वीसेक मुलांना ती रोज दोन तास वेगळं घेऊन बसे. चिठ्ठी टाकावी तशा यदृच्छ पद्धतीने काही शाळांत बालसखी तिसरीला मिळाली, काही शाळांत चौथीला. त्यामुळे एकही शाळा वंचित राहिली नाही आणि तुलनेला वर्गही मिळाले. गुणांतली वाढ पहिल्या वर्षी प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या) ०.१४ पट आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ पट निघाली. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच नोंद. ही मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, तरी तिथे उरलेल्या मुलांची प्रगती काही वाढली नाही. वर्ग लहान झाला की शिकणं आपोआप सुधारतं, असं मीही मानत आले होते.

कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तो फायदा बराच ओसरला, हेही त्याच निबंधात लिहिलं आहे. असं लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवावा.

पैशाच्या वितरणाचं भौतिकशास्त्रातलं प्रारूप, म्हणजे मॉडेल, शिकण्यावर बसवता येईल का, असंही तू विचारलंयस. वायूतल्या रेणूंनी टकरींत ऊर्जा वाटून घ्यावी तशी माणसं व्यवहारांत पैसा वाटून घेतात, असं मानलं की पैशाचं वितरण घातांकी निघतं, म्हणजे थोडा पैसा असलेले पुष्कळ आणि रक्कम वाढेल तशी माणसं झपाट्याने कमी. २००० साली द्रागुलेस्कू आणि याकोवेंको या भौतिकशास्त्रज्ञांनी हे मांडलं. त्याच काळात कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये बिकास चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी त्यात बचतीची प्रवृत्ती घातली. काम देखणं आहे. पण २००६ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर घेतलेला आक्षेप मला पटतो. टकरीत ऊर्जा अक्षय्य राहते, अर्थव्यवहारात संपत्ती तशी राहत नाही. एका दाण्याचं कणीस होतं, ही शेतकऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट त्या प्रारूपात नाही. शिकण्यात तर ती अजून ठळक आहे. मी तुला काही शिकवलं म्हणून माझ्याकडचं कमी होत नाही. तेव्हा शिकण्यावर असं प्रारूप बसवण्याआधी कागदावर लिही, इथे नक्की काय अक्षय्य राहतं? उत्तर 'काहीच नाही' आलं, तर समीकरण कितीही आवडलं तरी बाजूला ठेव.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. अर्थशास्त्राच्या चर्चासत्रात पहिल्या पाच मिनिटांतच लोक अडवतात. तो अपमान समजू नकोस, ती तिथली रीत आहे. आणि अर्थशास्त्रात लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमे लावतात, आपल्या भौतिकशास्त्रात बहुधा कामाच्या वाट्यानुसार. दोन्हीकडचे लोक एका निबंधात असतील तर क्रमाचं पहिल्याच दिवशी बोलून घे. यावरून चांगली मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

आता विभाग. माझं मत स्पष्ट आहे, भौतिकशास्त्राच्या विभागात राहू नकोस. तिथे तुझ्या गणिताला दाद मिळेल, पण मुलांबद्दलच्या तुझ्या गृहीतकांना कुणी हात लावणार नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते, तिथल्या लोकांना आधी भेट. अर्थशास्त्र विभाग निवडलास तर अर्थमितीचा, म्हणजे अर्थशास्त्रातल्या सांख्यिकीचा, पूर्ण अभ्यासक्रम कर, सवलत मागू नकोस. आणि मार्गदर्शक कुठलाही असो, शाळा आतून माहीत असलेलं एक माणूस सोबत ठेव. १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे पांढऱ्या बटू ताऱ्यांवर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक, ज्यांनी खेड्यांत राहून शिक्षणाचं काम केलं होतं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, ही शिफारस त्या आयोगाची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहावा लागला आहे.

येत्या शनिवारी तुझ्या घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन जा. चौथीतल्या एका मुलाला बेचाळीसमधून सतरा वजा करायला सांग, आधी कागदावर, मग दुकानातल्या सुट्या पैशांत. तो काय करतो ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घे आणि ती पानं मला पाठव. आलेख मी त्यानंतर पुन्हा बघते.

तुझी,
मॅडम