टकलावर हेल्मेट आणि पहाटेचा गारठा

प्रश्न: माझं वय ५३. डोक्यावर केस जवळपास नाहीतच, कडेला जे उरलेत तेही मी ट्रिमर मारून काढतो. दर रविवारी पहाटे ग्रुपबरोबर नाशिकहून त्र्यंबकला सायकलने जातो. डिसेंबर लागला की डोकं असलं गारठतं की कपाळ आणि टाळू ठणकायला लागतात, येताना तर जास्तच. बायकोने विणलेली कानटोपी आत घातली तर हेल्मेट धड बसत नाही. ग्रुपमधले म्हणतात, एवढ्या पहाटे रस्त्यावर असतं कोण, हेल्मेट ठेव घरी आणि टोपी घालून चल. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: दादा, हेल्मेट काढायचं नाही, हे आधी सांगून टाकते. सायकलवरून पडायला समोरून गाडीच यावी लागते असं थोडंच आहे, एक खड्डा किंवा अंधारात आडवं आलेलं कुत्रं पुरतं, आणि पहाटे तर दोन्ही दिसत नाहीत. ग्रुपमधल्या मित्रांनाही हे माझ्या नावाने सांगा.

आता थंडीचं. तुमच्या बाजूला थंडी म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको, निफाडचा पारा ५-६ अंशांवर आला ही बातमी बहुतेक हिवाळ्यात येतेच. पण सायकलवर आपण नुसत्या थंडीत नसतो, आपला वारा आपणच तयार करत असतो. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ताशी २५ किलोमीटरने चालला असाल तर उघड्या कातडीला ती साधारण ७ अंशांसारखी लागते, आणि हवाच ५ अंश असेल तर जवळजवळ शून्यासारखी. त्यात हेल्मेटला पुढून भोकं असतात ती मुद्दाम वारा आत घेऊन डोक्यावरून मागे सोडायला. केसवाल्यांच्या केसांत थोडी हवा अडकून राहते, तुमच्या टाळूवर तो वारा थेट लागतो. हातपाय गारठले की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीर उष्णता वाचवतं, डोक्याच्या कातडीत ते फारसं होत नाही, रक्त येतच राहतं आणि उष्णता जातच राहते. (शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं खूप जण सांगतात, ते खरं नाही. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमीच. पण बाकी सगळं अंग झाकलेलं आणि तेवढंच उघडं असेल तर त्रास तिथूनच होणार ना.)

वहिनींनी विणलेली कानटोपी चहाच्या टपरीवर घाला, हेल्मेटखाली नको. लोकर जाड, त्यात वरती गोंडा असेल तर हेल्मेट पार उचललं जातं, कपाळ उघडं पडतं, आणि लोकर दबली की तासाभरात पट्टा सैल. सैल हेल्मेट पडताना मागे सरकतं आणि नेमकं जिथे लागायचं तिथे डोकं उघडं असतं. हेल्मेटच्या आतला जाड थर हा थर्माकोलच्याच जातीचा असतो, तो धक्का बसल्यावर स्वतः चेपून मार खातो, पण त्यासाठी तो डोक्याला नीट धरून बसलेला पाहिजे.

तुम्हाला हवी ती पातळ स्कल कॅप. सायकलिंगची म्हणून मिळते, पॉलिस्टरची किंवा मेरिनो मेंढीच्या बारीक, मऊ लोकरीची, अंगाला घट्ट, कानाच्या वरच्या अर्ध्या भागावरून खाली येणारी. सुती घेऊ नका. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि ओलंच राहतं, आणि ओलं कापड टकलावर म्हणजे गार पाण्याची पट्टीच. काही टोप्यांना कपाळापाशी वारा अडवणारं कापड लावलेलं असतं, तशी मिळाली तर सोडू नका, कारण कपाळ ठणकण्याचं कारण गार वारा हेच असतं. स्कल कॅप नसेल तर बफ म्हणतात ती कापडी नळी चालते, दुहेरी करून डोक्यावर ओढायची, शिवण कुठेही टोचता कामा नये, केस नसल्यावर साधी शिवणसुद्धा तासाभरात वळ उठवते.

टोपी घरीच, आरशासमोर घालून हेल्मेट परत फिट करा. हेल्मेटच्या मागे माप कमीजास्त करायचं चाक असतं, ते थोडं सैल करा. हेल्मेटची कड भुवईच्या दोन बोटं वर, पट्ट्याचा व्ही कानाच्या बरोबर खाली, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. मग पट्टा न लावता हेल्मेट हाताने हलवून बघा, कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. तरी आवळ वाटत असेल तर आतले पॅड वेल्क्रोवर असतात, जाड काढून पातळ लावा. आणि टोपी काढल्यावर चाक परत आवळायचं, हे लोक हमखास विसरतात.

तुमचं दुखणं येताना वाढतं असं लिहिलंय, त्याचं कारण मला जाताना आलेल्या घामात दिसतं. जाताना चढ, अंग तापतं, टोपी भिजते. त्र्यंबकला चहाला थांबता, टोपी गार पडते, आणि मग उतारावर तीच ओली टोपी घालून वाऱ्यात. म्हणून दोन टोप्या ठेवा. दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या मागच्या खिशात. चहाला थांबलात की आधी हेल्मेट काढून डोकं आणि पॅड रुमालाने खसाखसा पुसा, कोरडी टोपी घाला, मग चहा. बाकी काही केलं नाहीत तरी एवढं कराच, फरक त्याच दिवशी कळेल.

फारच बोचरा वारा असेल तर हॉटेलात मिळते ती प्लास्टिकची शॉवर कॅप हेल्मेटवर बाहेरून चढवा, लांब पल्ल्याचे सायकलवाले हे सर्रास करतात. फक्त उतारावर आणि सपाटीला, चढावर काढून खिशात, नाहीतर आत घामाचं तळं. भोकांवर चिकटपट्टी मारणं मला पटत नाही, गोंद काढायला मग कोणीतरी थिनर आणतं आणि थिनरने तो थर्माकोलसारखा थर विरघळतो.

अजून तीन गोष्टी. ट्रिमर किंवा रेझर शनिवारी सकाळी मारा, रविवारी पहाटे नको, ताज्या कातडीवर घाम आणि पॅड घासले की पुरळ येतं. खोबरेल तेल घरी आल्यावर, अंघोळीनंतर, आधी लावलंत तर पॅडमध्ये मुरून कुबट वास मारतं. आणि परतायला नऊ-दहा वाजत असतील तर ऊन चढलेलं असतं, टोपी काढणार असाल तर टाळूला सनस्क्रीन हवंच, नाहीतर भोकांच्या आकाराचे पट्टे उठतात.

प्रश्न: केमोथेरपीमुळे माझे केस गेलेत, वय ४१. आता बरं वाटतंय आणि सोसायटीच्या जवळपास सकाळी हळूहळू सायकल चालवावी असं मनात आहे. पुण्यात सध्या थंडी आहे, डोक्याची त्वचा फार हळवी झालीय, हेल्मेट टोचतं. विग घालून वर हेल्मेट चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, सायकलवर बसावंसं वाटतंय हे वाचूनच मला फार आनंद झाला. पण आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि नेमकं हे विचारा की माझ्या प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी आत्ता किती आहेत आणि मी पडले तर काय. केमोच्या काळात त्या खाली जातात, प्लेटलेट्स कमी असताना साधं खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही, पांढऱ्या कमी असताना जखमेत जंतू लवकर शिरतात. त्यांनी हो म्हटलं की बिनधास्त निघा.

विग नको. तो हेल्मेटखाली सरकतो आणि त्याच्याबरोबर हेल्मेटही. वर मी दादांना सुती टोपी नको म्हटलं, तुमचं उलट आहे. तुम्ही हळू चालवणार, घाम फारसा येणार नाही, त्यामुळे मऊ सुती किंवा बांबूच्या धाग्याची पातळ टोपी तुम्हाला जास्त सुखाची. ती उलटी करून घाला, म्हणजे शिवणी बाहेरच्या बाजूला राहतात आणि डोक्याला नुसतं मऊ कापड लागतं. तुमचं हेल्मेट केस असतानाचं असेल तर ते आता सैल होणार, मागचं चाक आवळून बघा, तरी डुगडुगत असेल तर लहान मापाचं घ्या, जाड टोपी कोंबून माप भरून काढू नका. केस परत यायला लागले की सुरुवातीला खाजतं, तेव्हा टोपी रोज धुवा, वासाचा साबण टाळा. आणि उन्हं अंगावर आल्यावरच निघा, पहाटेची घाई तुम्हाला कशाला?

प्रश्न: मी मूळचा साताऱ्याचा, कामानिमित्त कोपनहेगनला असतो. ऑफिसला सायकलनेच जातो. टक्कल आहे. इथे हिवाळ्यात शून्याच्या आसपास आणि समुद्राचा ओला वारा. वीस मिनिटांचाच रस्ता आहे, तरी कान आणि डोकं बधिर होतं.
— एक वाचक, कोपनहेगन

उत्तर: वीस मिनिटांत तुम्हाला घाम फुटत नाही, म्हणून तुम्ही वारा पूर्ण अडवलात तरी चालेल. रेसिंगचं भोकाभोकांचं हेल्मेट हिवाळ्यापुरतं बाजूला ठेवा आणि स्केटिंगवाल्यांसारखं गोल, कमी भोकांचं घ्या, तुमच्याकडे आतून उबदार अस्तर आणि कानपट्ट्या असलेली हिवाळी हेल्मेटही मिळतात. दुकानात जाताना आत घालायची पातळ मेरिनो टोपी बरोबर न्या आणि ती घालूनच माप बघा. कान झाका, पण कापड असं हवं की मागून येणाऱ्याची घंटा ऐकू येईल, तिकडच्या सायकल ट्रॅकवर ओव्हरटेक करणारे बरेच असतात. आणि ऑफिसात पोचलात की टोपी हेल्मेटमध्येच कोंबून ठेवू नका, हीटरजवळ वाळत टाका, संध्याकाळी परत तीच घालायचीय.