माझ्यामुळे समोरच्याचे गाणे वाया जाते

मी समुपदेशक आहे. गेल्या वर्षभरात एकच तक्रार मी इतक्या वेगवेगळ्या तोंडांतून ऐकली, की शेवटी तिच्याविषयी लिहायला बसले. निवृत्तीनंतर सुगम संगीताच्या वर्गाला जाऊ लागलेले एक गृहस्थ म्हणाले, "समूहगीतात माझाच सूर खाली राहतो, बाकीच्यांचं गाणं बिघडतं." नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडे पहाटे सायकली घेऊन जाणाऱ्या एका गटात नव्याने सामील झालेली मुलगी म्हणाली, "माझ्यासाठी सगळ्यांना थांबावं लागतं." बॅडमिंटनच्या दुहेरी सामन्यांतून अंग काढून घेणारे तर किती भेटले, याची मी मोजदाद ठेवलेली नाही. या सर्वांना आपला छंद मनापासून आवडतो, घरून विरोध नाही आणि सवडही आहे. तरीही दोन-चार महिन्यांत ते गळतात, कारण आपल्या आनंदाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते असे त्यांना वाटते.

या प्रश्नाचे उत्तर मला एका नाच करणाऱ्या बाईंनी शिकवले. त्यांच्या संमतीने लिहीत आहे; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कंपनीत त्यांना सगळे 'मॅडम' म्हणतात, म्हणून इथेही मॅडमच म्हणते. वय चव्वेचाळीस, अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी. बंगळुरूहून परतलेले एक तरुण जोडपे गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात दर रविवारी संध्याकाळी लिंडी हॉप हा जोडीचा नाच शिकवते. तिथे त्या सात-आठ महिने जात होत्या. महिन्यातून एकदा तिथे 'सोशल' असते, म्हणजे शिकवणे नाही, नुसता नाच: गाणे लागते, कोणीही कोणालाही विचारते, गाणे संपले की जोडीदार बदलतो. मॅडम वर्गात उत्साहाने नाचत आणि सोशलला मात्र भिंतीला टेकून उभ्या राहत.

हा नाच मला ठाऊक नव्हता. तो मॅडमनीच मला समजावला, आणि समजावताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की यांना नाच किती आवडतो हे विचारण्याची गरज उरली नाही. न्यू यॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत 1920 च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार जन्माला आला. 1926 मध्ये उघडलेले सॅव्हॉय बॉलरूम हे त्याचे माहेरघर, जिथे त्या वर्णभेदाच्या काळातही काळे आणि गोरे एकाच मजल्यावर नाचत असत. एक जण नाचाची दिशा सुचवतो त्याला 'लीड' म्हणतात, दुसरा ती ओळखून उत्तर देतो त्याला 'फॉलो'. बसवलेला नाच नसतो, तो त्या क्षणी दोघांत ठरत जातो. आठ मात्रांच्या एका आवर्तनात दोघे जवळ येतात, एकमेकांभोवती फिरतात आणि पुन्हा हातभर दूर जातात. या मुख्य हालचालीला 'स्विंगआउट' म्हणतात.

आता माझी चूक सांगते. चव्वेचाळीस वर्षांची विवाहित बाई, नाशिकसारखे शहर, परक्या पुरुषांशी हात धरून नाच. हे ऐकताच 'लोक काय म्हणतील' हीच अडचण असणार असे मी गृहीत धरले आणि दोन बैठका त्यातच घालवल्या. मॅडम सभ्यपणे ऐकत राहिल्या. दुसऱ्या बैठकीच्या शेवटी म्हणाल्या, "माझे मिस्टर स्वतः मला स्कूटरवर सोडायला येतात आणि मी परत येईपर्यंत समोर चहा पीत बसतात. लोकांचा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की मी नाचले की समोरच्याची तीन मिनिटं वाया जातात." वीस वर्षांच्या अनुभवानंतरही माणूस आपल्याच ठोकताळ्यात किती आरामात बसतो, याची ही मला मिळालेली समज.

तिसऱ्या बैठकीला त्यांनी एक वही आणली. प्रत्येक सोशलची तारीख, नाचलेल्या गाण्यांची संख्या आणि पुढे चुकांचा रकाना: पाय चुकला, हात उशिरा दिला, लीडचा इशारा कळला नाही, वळताना धक्का लागला. शेवटच्या रकान्यात 'रिजेक्ट' असा शेरा होता. मी विचारले, "यातल्या किती जणांनी तक्रार केली?"

"एकानेही नाही. पण तक्रार आली नाही म्हणजे माल चांगला असतो, असं नाही ना."

"तुमच्या पार्टच्या ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स, म्हणजे मापात चालण्याजोगा फरक, दिलेला असतो ना?"

"असतोच."

"मग नाचाच्या ड्रॉइंगमध्ये तुम्ही किती टॉलरन्स दिलात?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "शून्य."

"शून्य टॉलरन्सचा पार्ट कोणती कंपनी बनवते?"

"कोणतीच नाही," त्या पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या. "असं ड्रॉइंग आलं तर आम्हीच परत पाठवतो."

मी ज्या विचारपरंपरेत घडले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आहे. माणसाला परिस्थिती जेवढी छळते त्याहून अधिक तिच्याविषयीचा त्याचा हट्ट छळतो, असे ही परंपरा मानते, आणि मराठीत हा हट्ट एका अक्षरात पकडता येतो: 'च'. जमले पाहिजे, ही इच्छा झाली. जमलेच पाहिजे, हा हुकूम झाला. समोरच्या माणसाच्या बोलण्यातला असा 'च' मला आता बसल्या जागी ऐकू येतो, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मॅडमचा 'च' असा होता: माझ्याबरोबर नाचणाऱ्याला प्रत्येक गाण्यात मजा आलीच पाहिजे, आणि ती देण्याची जबाबदारी माझीच आहे.

शिवाय त्यांची तुलना चालली होती ती मोबाइलवर दिसणाऱ्या स्पर्धकांशी. त्यांनीच मला सांगितले होते, की सॅव्हॉयमध्ये निष्णात नर्तकांचा एक ठरलेला कोपरा असे आणि त्याला 'कॅट्स कॉर्नर' म्हणत. मी विचारले, "तो एक कोपरा होता ना? मग उरलेल्या मजल्यावर कोण नाचत होतं?" दिवसभर नोकरी, मोलमजुरी करून आलेली साधी माणसे, हे उत्तर त्यांना ठाऊक होते. ते आपल्यालाही लागू होते, हे मात्र सुचले नव्हते.

युक्तिवाद पटला, हशा झाला, आणि पुढच्या सोशलला मॅडम पुन्हा भिंतीशी उभ्या राहिल्या. असे होते. डोक्याने मान्य केलेली गोष्ट पायांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि आम्ही बोलण्यावर पोट भरणारी माणसे हे फार सोयीस्करपणे विसरतो.

पाचव्या बैठकीत मी त्यांना म्हटले, "नेमकं कुठे अडतं ते सांगा." त्या म्हणाल्या, की स्विंगआउटमध्ये दूर गेल्यावर हात पूर्ण ताणला जातो, त्या वेळी दोघांनीही आपले वजन किंचित मागे सोडायचे असते. तो ताण तयार झाला की पुढची हालचाल त्यातूनच निघते. "शिकवणारी मुलगी सारखी सांगते, ताई, वजन द्या, तुम्ही हातात लागतच नाही आहात. पण मला भीती वाटते. मी मागे रेलले तर त्याला ओढ बसेल, त्याचा खांदा दुखेल. म्हणून मी स्वतःच पुढे जाते, तो काय करणार याचा अंदाज बांधून आधीच वळते. मग चुकतं."

श्रावण चालू होता, बाहेर पावसाची झड लागली होती, आणि मला एकदम आठवले. मी विचारले, "लहानपणी फुगडी खेळलात?"

"निफाडच्या आजोळी नागपंचमीला. माझी फुगडी कोणी सोडवू शकत नसे."

मी खुर्च्या भिंतीला सरकवल्या. माझ्या कामाच्या खोलीत फुगडी घालावी की नाही याविषयी माझ्या परंपरेत काहीही लिहिलेले नाही, पण त्या दिवशी मी ती घातली. हातांची तिढ घातली, पायांना पाय भिडवले. पहिल्या दोन गिरक्यांत मॅडम सरळ उभ्या राहूनच फिरू पाहत होत्या आणि आम्ही नुसत्या अडखळत होतो. मी म्हटले, "मागे झोका. माझी काळजी करू नका, मी पण झोकते आहे." त्यांनी अंग मागे टाकले, आणि फुगडी लागली. ज्यांनी फुगडी घातली आहे त्यांना हा 'लागण्या'चा क्षण सांगावा लागत नाही: दोघींचे वजन एकमेकींना सावरते, पाय आपोआप चालू लागतात आणि फिरवणारी कोण, फिरणारी कोण हे कळेनासे होते.

थांबल्यावर त्या खाली बसल्या, धाप लागली होती. मग हळूच म्हणाल्या, "मी भारच देत नव्हते हो." आणखी थोड्या वेळाने म्हणाल्या, "सासरी आल्यापासून मी हेच करते आहे. आपला कुणावर भार पडायला नको."

या वाक्यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे पुष्कळ होते, तरी गप्प राहिले.

नंतर मात्र मी त्यावर बराच विचार केला. माझ्याकडे येणारी ही सगळी मंडळी, ते समूहगीतवाले गृहस्थ आणि ती सायकलवाली मुलगी, स्वतःला कमी लेखतात एवढेच मी इतके दिवस धरून चालले होते. प्रत्यक्षात ती अत्यंत विचारी माणसे असतात. दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून ती आपले वजन काढून घेतात. पण ज्या छंदात दुसरा माणूस लागतो, तिथे तुमचे वजन हाच त्याचा आधार असतो. तुम्ही दबक्या आवाजात गायलात तर शेजारच्याला सूर धरायला काही उरत नाही. हातात न लागणाऱ्या फॉलोबरोबर लीड तरी काय करणार? ज्याला वाचवायला म्हणून मॅडम मागे रेलत नव्हत्या, त्याची अडचण नेमकी त्यामुळेच होत होती.

त्यानंतर मी त्यांना तीन कामे दिली. एक, पुढच्या सोशलला 'सॉरी' हा शब्द एकदाही उच्चारायचा नाही. खरोखर पायावर पाय पडला तरच अपवाद. दर चुकीला माफी मागणारा जोडीदार समोरच्याला नाच थांबवून दिलासा देण्याच्या कामाला जुंपतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. दोन, आपणहून तीन जणांना विचारायचे. नकार आला तर 'बरं' म्हणून चौथ्याकडे जायचे. एलिस एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलण्याची भीती वाटे. ती घालवण्यासाठी त्यांनी न्यू यॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात महिनाभरात शंभराहून अधिक अनोळखी स्त्रियांशी संभाषण सुरू करण्याचा प्रयत्न केला. भेटीला तयार झाली फक्त एक, आणि तीही आली नाही, असे ते सांगत. पण नकाराने आभाळ कोसळत नाही, एवढे त्यांना कळले. तिसरे काम मॅडमना मुळीच आवडले नाही: एका गाण्यात एक चूक मुद्दाम करायची आणि पुढे काय होते ते पाहायचे.

ज्या वाचकांना असा नाच सुरू करायचा आहे, किंवा सुरू करून जे भिंतीशी थांबले आहेत, त्यांच्यासाठी मॅडमच्या अनुभवातून काढलेल्या काही गोष्टी सांगते. गाणे साधारण तीन मिनिटांचे असते, कारण त्या काळच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. ही मर्यादा म्हणजे तुमच्यासाठी वरदान आहे; कितीही बिघडले तरी तीन मिनिटांनी दोघेही सुटता. सुरुवातीला संथ गाणी निवडावीत. वेगवान गाण्यात पाय तुटपुंजे पडतात आणि अंग आखडते. येत असलेल्या दोन-तीन हालचाली पुन्हा पुन्हा केल्या तरी चालतात, कारण समोरच्याला तुमच्या हालचालींच्या संख्येपेक्षा तुम्ही तालात आहात का, हे आधी जाणवते. आणि नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला ताल नाही, हे ढोलांच्या या गावात मला कोणी पटवून देऊ नये. बुटाचा तळ फार घट्ट पकडणारा नसावा, नाहीतर वळताना गुडघा पिळवटतो. घाम पुष्कळ येतो, तेव्हा टॉवेल आणि एक जादा कुर्ता सोबत ठेवावा.

स्पर्शाविषयी अनेक जणी दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. कोणाही बरोबर नाचायला कारण न देता नाही म्हणता येते. एखाद्याचा हात खटकला तर गाणे अर्धवट सोडून बाजूला व्हावे आणि शिकवणाऱ्यांना सांगावे. ज्या ठिकाणी असे सांगितल्यावर हसण्यावारी नेले जाते, ती जागा सोडून द्यावी. छातीत धडधड, रात्रीची झोप उडणे, घराबाहेर पडणेच नकोसे होणे, अशा गोष्टी असतील तर तो नाचाचा प्रश्न नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

वयाचा मुद्दा मॅडमनी स्वतःच निकालात काढला. या नाचातले एक थोर नाव फ्रँकी मॅनिंग. 1930 च्या दशकात सॅव्हॉय गाजवलेला हा माणूस, स्विंग या जाझ संगीताचा काळ ओसरल्यावर टपाल खात्यात नोकरी करू लागला आणि तिथे सुमारे तीस वर्षे राहिला. 1980 च्या दशकात तरुण मुले त्याला शोधत आली, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. नव्वदीपर्यंत तो जगभर शिकवत हिंडला आणि 2009 मध्ये वारला. "म्हणजे माझी अजून निवृत्तीही झाली नाही," असे मॅडम म्हणाल्या. माझा गुडघा मात्र त्या फुगडीनंतर आठवडाभर दुखत होता.

आमच्या बैठका दिवाळीपूर्वी थांबल्या. चुकांची वही त्यांनी फेकली नाही. तपासणी विभागातला माणूस नोंद फेकत नसतो. फक्त शेवटचा रकाना आता रिकामा असतो. परवा सोमवारी सकाळी, कामावर जाण्याआधी त्यांनी पाठवलेला निरोप असा होता: "काल अकरा गाणी. दोन चुका. त्यातली एक मुद्दाम केली होती, कोणती ते कुणालाच ओळखता आलं नाही."