हात हलवला की सूर फिरेल असं वाद्य घरी बनवता येईल काय?

प्रश्न: मी टिळकवाडीची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे अन् लहानपणापासून नाट्यसंगीत शिकतेय. ऑपेराच्या गायिका अंगाला सेन्सर लावून गातात, हात हलवला की त्यांच्याच आवाजाचे थर उठतात हे बघितलं तेव्हापासून डोक्यातून जाईना झालंय. असं वाद्य घरी बनवता येईल काय? आमचे सर म्हणतात, यंत्र आलं की गळा गेला. काय करू सांगा की.
(एक वाचक, बेळगाव)

उत्तर: येईल की! आणि तू हे करच. सॅन फ्रान्सिस्कोची पामेला झी ऑपेराच्या पद्धतीने तयार केलेला गळा घेऊन 1980 च्या दशकापासून हेच करतेय, गातागाता स्वतःचा आवाज डिलेमध्ये (आवाज पकडून थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या यंत्रात) पकडायचा, त्याच्यावर परत गायचं, आणि पुढे हाताच्या हालचालीवर चालणारे सेन्सरही तिने त्यात आणले. संगीतकार टॉड मॅकोव्हरच्या ‘डेथ अँड द पॉवर्स’ या ऑपेरात तर (2010, मोंटे कार्लो) नायक स्टेजवरून निघून जातो आणि आत बसून गाणाऱ्या गायकाच्या श्वासावर, हालचालीवर स्टेजवरच्या भिंती अन् लाइट चालतात. मला यातली श्वासाची गोष्ट फार आवडते.

आता तुझं. पार्ट मागवायच्या आधी एक कर, मोबाइल समोर ठेवून अर्धा तास गा आणि व्हिडिओ आवाज बंद करून बघ. मींड घेताना, तान सोडताना तुझा हात आपसूक कुठेतरी जातोच, आपल्याकडे सगळ्यांचाच जातो. तीच हालचाल यंत्राला दे, नवीन कवायत शिकू नको, नाहीतर गाताना अर्धं लक्ष हाताकडे राहतं आणि सूर खाली येतो.

सामान थोडंच लागतं. आर्डुइनो बोर्ड (सेन्सरचं रीडिंग लॅपटॉपला देणारं छोटं सर्किट), एक अल्ट्रासोनिक सेन्सर (कानाला ऐकू न येणारा आवाज सोडून 2 सेंमीपासून साधारण 4 मीटरपर्यंतचं अंतर मोजतो) आणि लॅपटॉपवर प्युअर डेटा हे आवाजावर काम करणारं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. सेन्सरसमोर तळहात धर, ओढणी किंवा पदर मधे आला तर मऊ कापड सेन्सरचा आवाज शोषून घेतं आणि रीडिंग भलतंच येतं. सुरुवातीला एकच काम ठेव, हात वर गेला की शेवटची ओळ पकडून परत वाजव, खाली आला की थांब. डिले लयीला बांध, मिनिटाला 80 मात्रांची लय असेल तर एका मात्रेला 750 मिलिसेकंद. द्रुत तानेवर मात्र डिले बंदच ठेव, सगळा चिखल होतो.

ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, आवाज एवढा उशिरा येतो की तालच सुटतो, वायरचाच घे.

सरांचं म्हणायचं तर त्यांची भीती खोटी नाही. ऑपेराचा गायक माइकशिवाय अख्ख्या ऑर्केस्ट्रावरून ऐकू येतो कारण 3000 हर्ट्झच्या आसपास त्याच्या आवाजात मोठा जोर असतो, तो गळ्यानेच कमवावा लागतो, सॉफ्टवेअर देत नाही. म्हणून आवाज सुरात ओढणारं सॉफ्टवेअर लावू नको. पण आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘संगीत शाकुंतल’ आणलं तेव्हा तेही नवीनच होतं ना? सरांकडे जाताना आधी पद नुसत्या तानपुऱ्यावर पूर्ण म्हण, मग तेच पद सेन्सर लावून म्हण, आणि कुठे खटकलं ते त्यांनाच विचार.