आईबाबा डिसेंबर-जानेवारीत टोरंटोला येत आहेत. हिवाळ्यात नायगारा दाखवण्यात अर्थ आहे का, की उन्हाळ्यातच बोलवावं? आणि टोरंटोत हिवाळ्यात काय दाखवायचं?

बोलवा. नायगाराही दाखवा. "थंडीत म्हाताऱ्या माणसांचे हाल कशाला" असं म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्यातले बरेच जण जानेवारीत तिकडे फिरकलेलेही नसतात. माझा सख्खा मोठा भाऊ त्यातलाच, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

दादा-वहिनी आमच्याकडे जुलैत आले होते. लाल पोंचो घालून बोटीत बसले, भिजले, फोटो काढले, संध्याकाळी परत. झाला नायगारा. आईबाबा मात्र डिसेंबरअखेर आले, कारण मला सलग सुट्टी तेव्हाच मिळते आणि मुलंही घरी असतात. हिवाळ्यात बोट बंद असते. हे कळल्यावर दादाने फॅमिली ग्रुपवर टाकलं, "बोट नाही, पाणीही निम्मं. म्हणजे बाबांना अर्धाच नायगारा!" खाली वहिनीचा हसरा चेहरा.

पाणी निम्मं असतं हे खरं आहे. १९५० साली अमेरिका आणि कॅनडाने तसा करारच केलेला आहे. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर सकाळी ८ ते रात्री १०, आणि तिथून ३१ ऑक्टोबरपर्यंत सकाळी ८ ते रात्री ८, या वेळात धबधब्यावरून किमान १ लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला १ लाख घनफूट, पाणी जाऊ द्यायचं. एरवी किमान ५० हजार. त्याहून जास्तीचं पाणी दोघांनी विजेसाठी वळवायचं. दादाने टोमणा म्हणून लिहिलं, पण बाबांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली आहे. त्यांनी तो मेसेज दोनदा वाचला आणि जेवता जेवता मला विचारलं, "वळवतात कसं? वर दरवाजे आहेत का?"

आहेत. धबधब्याच्या थोडं वर, कॅनडाच्या काठापासून नदीत साधारण मध्यापर्यंत गेलेला १८ दरवाज्यांचा बंधारा आहे. एवढी वर्षं इथे राहून मी त्याच्याकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही धबधब्याच्या आधी तिथे गाडी थांबवली. आई हीटर लावून आत बसली. बाबा कानटोपी, मफलर, त्यावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट अशा अवतारात काठावर उभे राहून दरवाजे मोजत होते. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. मी दोनदा म्हटलं, "बाबा, चला आता." त्यांचं आपलं वेगळंच: "पन्नास हजार क्युसेक! खडकवासल्यातून याच्या निम्मं सोडलं तरी पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि तुझा भाऊ याला अर्धा म्हणतो?" मग गाडीत बसल्यावर, "म्हणजे हाही कालव्यासारखा आवर्तनावरच, ठरल्या पाळीनेच चालतो तर. पण दोन देश, एक करार, आणि पंच्याहत्तर वर्षं चाललाय. आपल्याकडे दोन तालुक्यांचं जमत नाही." हे ते पुढे परत जाईपर्यंत भेटेल त्याला सांगत होते.

तुमच्या वडिलांना पाणी-वीज-यंत्रं यात काडीचाही रस असेल तर धबधब्याजवळचं जुनं वीजघर चुकवू नका. ते १९०५ मध्ये सुरू झालं, २००६ मध्ये बंद पडलं आणि २०२१ पासून लोकांना बघायला खुलं आहे. लिफ्टने ५५ मीटर खाली उतरायचं, तिथून सुमारे ६७० मीटरचा बोगदा, ज्यातून टर्बाइन फिरवून झालेलं पाणी पूर्वी नदीत जायचं. चाल सपाट आहे पण जाऊन-येऊन बरीच होते. गुडघे दुखत असतील तर वरचा यंत्रांचा हॉलच पुरे. आईने तेच केलं.

प्रत्यक्ष धबधब्याचं काय सांगू? घोड्याच्या नालेसारखा जो मोठा भाग आहे तो ५७ मीटर उंच आहे आणि हिवाळ्यात तो गोठत वगैरे नाही, ते फोटो बघून लोकांचा गैरसमज होतो. गोठतात ते तुषार. झाडं, दिवे, कठडे, सगळ्यावर पांढरं जाड कवच चढतं. जुलैत हे दिसत नाही आणि जुलैत तिथे कठड्याला लागायलाही खांदे मारावे लागतात. आम्हाला अख्खा कठडा मोकळा मिळाला. शिवाय पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे धबधब्यावरचे रंगीत दिवे लवकर लागतात. उन्हाळ्यात त्यासाठी नऊ वाजून जाईपर्यंत ताटकळायचं. जेट लॅगने आठलाच पेंगणाऱ्या माणसांना कुठलं जमणार? आणि हो, रात्री दहानंतर जुलैतही करारातला आकडा ५० हजारच असतो. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा दादाने फक्त अंगठा पाठवला.

आईला विचाराल तर तिच्या लेखी नायगारा म्हणजे फुलपाखरांचं काचघर. धबधब्यापासून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं. आत दोन हजारांवर फुलपाखरं आणि दमट उबारा. जॅकेट काढून, साडीवरचा स्वेटर काढून ती बाकावर अशी बसली की उठेचना. धबधब्याकडे तिने पाच मिनिटं बघितलं असेल. चालतं. प्रत्येकाकडून "वॉव" वदवून घेण्यासाठी आपण त्यांना आणलेलं नसतं.

टोरंटोत हिवाळ्यात काय दाखवायचं हेही तुम्ही विचारलंय. सीएन टॉवर हा उंच मनोरा स्वच्छ दिवस बघूनच, नाहीतर ढगात उभं राहायचे पैसे. संग्रहालयं आहेत. डाउनटाउनखाली तीस किलोमीटरचं पायी फिरायचं जाळं आहे, बर्फात पाय न घालता दुपार जाते. बाकी दिवस घरी जातात आणि ते वाईट नसतं. "कोंडून पडले बिचारे" ही तक्रार माझ्या आईबाबांनी कधी केली नाही. ती पुण्याहून, दादाकडून यायची.

आता काळजीचं. बुटांना खालून लावायचे खिळ्यांचे पट्टे आधीच घ्या, कारण धबधब्याजवळची फरशी तुषारांनी काच होते. तापमान बघू नका, विंड चिल, म्हणजे वाऱ्यासकट जाणवणारी थंडी बघा. ते उणे २८ च्या खाली गेलं तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी बेत रद्द. वाटेतला बर्लिंग्टनचा उंच पूल जोराच्या वाऱ्यात कधीकधी बंद करतात, म्हणून एक दिवस राखून ठेवा. शक्य असेल तर मुक्कामच करा, जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारी खोल्या उन्हाळ्याच्या मानाने बऱ्याच स्वस्त असतात. वडील फावडं घेऊन दारातला बर्फ काढायला निघतील. अजिबात काढू देऊ नका, थंडीत ते कष्ट हृदयाला झेपत नाहीत. दमा किंवा हृदयाचा मोठा त्रास असेल तर मात्र मी वर लिहिलेलं सगळं विसरा आणि मे महिन्यात बोलवा.

विमा इथे उतरण्याआधी काढा आणि आधीच्या आजारांचं कलम नीट वाचा. निघण्याच्या थोडं आधी औषध किंवा डोस बदलला असेल तर बऱ्याच पॉलिसी त्या आजाराचा खर्च देत नाहीत. बाबांची बीपीची गोळी निघायच्या तीन आठवडे आधी बदलली होती. थंडीची एवढी काळजी असलेल्या दादाला ते मला कळवायचं सुचलं नव्हतं.