टेस्टोस्टेरॉन कमी असलं की हिरड्या खराब होतात का?

वय 44, वर्षभर ब्रश करताना रक्त येतंय, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन 240, म्हणजे कमी, आलंय आणि जिममधले ओळखीचे म्हणतायत की त्याची इंजेक्शनं सुरू करा, हिरड्याही सुधारतील. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे. हिरड्यांसाठी म्हणून ती इंजेक्शनं कृपा करून घेऊ नका.

संबंध मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. हिरडीच्या पेशींवर या हार्मोनचा परिणाम होतो. प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉन दिलं की या पेशी सूज वाढवणारं इंटरल्युकिन-6 कमी बनवतात. शिवाय हाडं टिकवण्यात या हार्मोनचा वाटा आहे, आणि दात तर जबड्याच्या हाडातच रोवलेले असतात. पण माणसांत हिशोब इतका सरळ लागत नाही. अमेरिकेत 65 च्या पुढच्या सुमारे 1200 पुरुषांच्या अभ्यासात (2009) टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि हिरड्यांचा आजार यांचा मेळ बसला नाही. उंदरांमध्ये तर हार्मोन काढून घेतलं तरी आणि प्रमाणाबाहेर दिलं तरी, दोन्हीकडे दातांभोवतीचं हाड झिजलं.

जास्तीचं काय होतं ते मी स्वतः पाहिलंय. बॉडी बनवायला टेस्टोस्टेरॉनसारखी स्टेरॉइड घेणारा एक मुलगा आला होता. पुढच्या दातांमधली हिरडी फुगून दातांच्या निम्म्यापर्यंत चढली होती, हाताला घट्ट लागत होती. तो रोज दोनदा ब्रश करत होता, पण त्या फुगवट्याखाली ब्रश पोचणार कसा?

आणि हार्मोन खरोखर तळाला जातं ते प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या उपचारात, कारण तिथे ते मुद्दाम दाबलं जातं. त्याने हाडं विरळ होतात, आणि अशा रुग्णांत हिरड्यांचा त्रास जास्त दिसल्याचं काही अभ्यास सांगतात. तुमचा हा प्रश्न नाही, तरी घरात कुणी वडीलधारे या उपचारावर असतील तर एवढं लक्षात ठेवा: हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब सुरू होण्याआधी दात तपासून घ्या. नंतर दात काढला तर कधीकधी जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडू शकतं. एका आजोबांनी हे इंजेक्शन चालू असल्याचं मला सांगितलंच नव्हतं. दात काढण्याआधी मी सहज त्यांची फाइल चाळली म्हणून कळलं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही साखरेचा उल्लेखच केलेला नाही. टाइप 2 मधुमेहात टेस्टोस्टेरॉन कमी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि मधुमेहात हिरड्याही लवकर खराब होतात. म्हणजे तुम्हाला जी दोन दुखणी वाटतायत त्यांचं मूळ एकच असू शकतं. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, उद्याच करून घ्या. पोटाचा घेर वाढला असेल तर नक्कीच. आणि टेस्टोस्टेरॉनची तपासणी दुपारी केली असेल तर ती धरू नका. सकाळी दहाच्या आत, वेगवेगळ्या दोन दिवशी करायची असते. तरीही कमी आलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, जा. बाहेरून हार्मोन घेतलं की शुक्राणू बनणं मंदावतं, रक्त दाट होतं; असलं औषध जिममध्ये ठरवायचं नसतं.

रक्त येण्याचं कारण बहुतेक वेळा हिरडीखाली साचलेलं कीटण असतं. डॉक्टरांना प्रत्येक दाताभोवतीचं पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली फट किती खोल आहे ते, मोजायला सांगा. काळ्या खुणांची बारीक सळई हिरडीत घालून मोजतात, फारसं दुखत नाही. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 5-6 असेल तर वरवरची सफाई पुरत नाही, मुळांपर्यंत साफ करावं लागतं. सफाईने दात हलायला लागतात ही भीती मनातून काढा. कीटणाने धरून ठेवलेला दात आधीच सैल झालेला असतो. हिरड्यांच्या उपचाराने मधुमेह्यांची एचबीए1सी साधारण 0.4 टक्के अंकांनी उतरते, हाही फायदाच.

मशेरी किंवा तंबाखू असेल तर ती सोडा. तंबाखूने रक्त येणं कमी दिसतं आणि आजार आत वाढत राहतो. आणि रक्त येतं म्हणून ब्रश करणं थांबवू नका, मऊ ब्रश घ्या. पॉकेटचे आणि साखरेचे आकडे आले की इथेच लिहा, पुढचं तेव्हा सांगते.