आजोबांना १९७१ च्या लढाईत वीरचक्र मिळालं असं घरचे सांगतात. ते कुठं लढले, हे कसं शोधायचं?

आधी पदक नीट बघा. आपल्या मराठवाड्यात गावाकडं माजी सैनिकाच्या छातीवरचं कुठलंही पदक वीरचक्रच असतं! खरं वीरचक्र चांदीचं, गोल. फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. ते असेल तर कडेवर नाव कोरलंय का पाहा. शौर्य पुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावर नावानं शोधलंत तर बहुधा प्रशस्तिपत्रही सापडेल, आणि त्यात लढाईचं ठिकाण असतं.

ताऱ्याच्या आकाराचं असेल तर ते शौर्यपदक नव्हे, पण माग काढायला फार कामाचं. ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक म्हणजे पूर्वेची, बांगलादेशची बाजू, ‘पश्चिमी स्टार’ म्हणजे पाकिस्तानला लागून असलेली आपली पश्चिम सीमा. अर्धा शोध तिथंच संपतो.

मग लोखंडी पेटी उपसा. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हवा, कारण आर्मी नंबराशिवाय पुढं काही हलत नाही. नंबर आणि वारसाचा पुरावा जोडून त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. कागद गहाळ असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, माजी सैनिकांची नोंद तिथं असते.

नुसत्या रेजिमेंटवर थांबू नका, तिच्यातली बटालियन, म्हणजे तुकडी, कोणती ते काढा. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, तेव्हा पूर्वेकडं जमालपूरला लढली. बाकीच्या वेगवेगळ्या ठिकाणी होत्या.